ढुंढिराज सरांचा रोजचा शब्द

ढुंढिराज सर हजेरी घेताना मान वर करत नसत. डोळे हजेरीपटावर, हातात निळं पेन, आणि समोरून 'हजर सर' असा आवाज आला की बरोबरची खूण. आवाज कुणाचा, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. आठवीत माझी मैत्रीण वेदिका आठवड्यातून दोनदा शाळा बुडवायची आणि तिच्या वाटचं 'हजर सर' मी नाक दाबून म्हणायचे. वर्षाच्या शेवटी तिला शंभर टक्के हजेरीचं बक्षीस मिळालं, तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते आठवलं की मला त्या हसण्याची लाज वाटते.

मी योगिनी. म्हसरूळला माझं औषधांचं दुकान आहे, त्याला बावीस वर्षं झाली. सर दोन गल्ल्या सोडून एका बैठ्या घरात राहतात. वय त्र्याहत्तर. सरांचं गायधनी घराणं मूळचं रामकुंडावरचं, तीर्थोपाध्यायांचं. आजोबा-पणजोबांनी आलेल्या यात्रेकरूंची नावंगावं वह्यांत लिहून ठेवली, कोण कुणाचा मुलगा, कुणाच्या अस्थी घेऊन कोण आलं होतं. सरांचे थोरले भाऊ अजून तेच करतात. सरांच्या हाती मात्र विशीत एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश लागला आणि ते त्यातून बाहेर आलेच नाहीत. 'घरात माणसांच्या वंशावळी होत्या, मी शब्दांच्या लिहायला घेतल्या,' असं ते सांगायचे. शाळेत गायधनी आडनावाचे दोन शिक्षक होते म्हणून हे ढुंढिराज सर. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. एकाही मुलावर हात उगारला नाही आणि एकाही मुलाचा चेहरा लक्षात ठेवला नाही. मी काउंटरपलीकडे उभी असले तरी ते मला 'रोल नंबर एकतीस का?' असं विचारून खात्री करून घ्यायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी व्हॉट्सअॅपवर एक गट काढला, 'रोजचा शब्द'. सकाळी साडेसहाला एक इंग्रजी क्रियापद. खाली तीन मथळे: अर्थ, उगम, उपयोग. गटात दोनशे चाळीस माणसं होती, त्यात स्पर्धा परीक्षा देणारी मुलं, जुने विद्यार्थी, सरांसारखेच निवृत्त झालेले चार-दोन मास्तर आणि मी. फक्त क्रियापदंच का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, 'नाम नुसतं बसून असतं, योगिनी. काम करतं ते क्रियापद.' मला विचाराल तर त्या घरात काम करणारं क्रियापद एकच होतं, ते म्हणजे मालिनीकाकू. सर अर्थ लिहीत असताना पोळ्या त्या लाटायच्या, उगम लिहीत असताना पाणी त्या भरायच्या, आणि उपयोगाची वाक्यं सुचेनात म्हणून सर येरझाऱ्या घालायला लागले की त्यांच्या पायातली चटई उचलून ठेवायच्या.

गेल्या वर्षी सरांनी हळूहळू होणाऱ्या बदलाची क्रियापदं घेतली होती. विटत जाणं, ओसरणं, झिजणं, रोडावणं. 'इरोड'च्या दिवशी त्यांनी लिहिलं की हा मुळात दातांचा शब्द आहे, लॅटिनमधल्या कुरतडण्याचा, आणि उंदराचं इंग्रजी कुळनाम 'रोडंट'ही याच घरचं. आम्ही सगळ्यांनी अंगठे वर केले. खरं सांगते, सर शब्दाबद्दल बोलायला लागले की ऐकत राहावंसं वाटायचं. त्यांच्या वर्गात मुलं गप्प बसायची ती भीतीने नव्हे. मध्येच बोलून सरांची तार तोडायची नाही, अशी आम्हाला सवयच लागली होती. ती सवय पन्नाशीला आले तरी गेली नाही.

मालिनीकाकूंचा स्वभाव याच्या बरोबर उलटा. त्यांना हळूहळू काही जमायचंच नाही. सोडायचं तर एका दिवसात. चहा त्यांनी असाच सोडला, सईच्या दहावीच्या वर्षी. सई म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, हल्ली ठाण्याला असते. साखर सोडली, दुपारची झोप सोडली, एका वर्षी चपला सोडल्या. दर चातुर्मासात त्यांचा एक नेम असायचा. आषाढी एकादशीला एक गोष्ट सोडायची ती थेट कार्तिकी एकादशीपर्यंत, आणि द्वादशीला उद्यापन करायचं. उद्यापन म्हणजे जे सोडलं असेल त्याचंच दान. मीठ सोडलं तर मीठ द्यायचं, दूध सोडलं तर दूध. चपलांच्या वर्षी त्यांनी भाजी विकायला बसणाऱ्या अंबूबाईला चपलांचा नवा जोड दिला होता. 'अर्धवट सोडणं म्हणजे धरून ठेवणंच गं,' असं त्या म्हणायच्या. मला त्यांचं हे फार आवडायचं.

फाल्गुनात काकूंना धाप लागायला लागली. फुफ्फुसांना सूज आली होती. मोठ्या डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या, रोज सकाळी चार. खोकला गेला, धाप गेली, जिना चढता यायला लागला. पण त्या गोळ्यांची किंमत शरीर वेगळ्या रीतीने वसूल करतं. काकूंचा चेहरा फुगला, गोल गरगरीत झाला. झोप उडाली. भजनी मंडळात कुणीतरी 'तब्येत सुधारली हो तुमची' असं म्हणालं आणि काकूंनी भजनाला जाणं बंद केलं. दुकानातल्या आरशासमोर उभ्या राहून मला म्हणाल्या, 'हे तोंड माझं नाही, योगिनी. उसनं आणल्यासारखं मी ते घेऊन फिरते.' मी म्हटलं, जाईल हो सूज, गोळ्या कमी झाल्या की जाईल.

आणि आषाढाच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी गोळ्या कमी करायला सांगितलं. काकू तेव्हा एक्स-रे काढायला गेल्या होत्या. केबिनमध्ये सर एकटे होते. डॉक्टरांनी कागदावर तक्ता लिहिला आणि वर एकच शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या: टेपर.

संध्याकाळी नव्या स्ट्रिप घेऊन मीच त्यांच्या घरी गेले. काकू सोप्यात बसून वाती वळत होत्या. लक्ष वातींचा संकल्प होता, त्यामुळे आषाढ लागला की त्यांच्या मांडीवर कापूस असायचाच. सर खुशीत होते. इतक्या दिवसांनी दवाखान्यातून त्यांच्या कामाचं काहीतरी मिळालं होतं.

'उद्याचा शब्द हाच!' ते म्हणाले. 'टेपर. अर्थ काय, तर हळूहळू निमुळतं होत जाणं, कमी कमी होत शेवटाला पोचणं. पाऊस टेपर होतो, विजारीचा पाय घोट्याकडे टेपर होतो, देवळाचं शिखर टेपर होतं. आणि डॉक्टरांमुळे चौथं वाक्य मिळालं, औषधाची मात्रा टेपर करतात.'

काकूंनी हातातली वात ताटलीत ठेवली. 'म्हणजे शेवटी बंदच करायच्या ना गोळ्या?'

'अगदी बरोबर!' सर म्हणाले. 'शेवट शून्यच. पण खरी गंमत शेवटात नाही, सुरुवातीत आहे. जुन्या इंग्रजीत टेपर म्हणजे मेणबत्ती. बारीक, वर निमुळती होत जाणारी. आणि त्याच्याही मागे गेलं तर बहुधा पपायरस, नाईलकाठचं ते लव्हाळं. त्याच्या गाभ्याची वात करायचे. म्हणजे बघ, लव्हाळ्याची वात झाली, वातीची मेणबत्ती झाली आणि मेणबत्तीचं क्रियापद!'

'म्हणजे वातच की,' काकू हसून म्हणाल्या आणि पुन्हा कापूस हातात घेतला.

मीही हसले. मी रोज काउंटरवर किमान दोघांना बजावते की या गोळ्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. महिनोन्‌महिने बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं, त्याला पुन्हा शिकायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर माणूस कोसळतो. हे वाक्य मला झोपेतसुद्धा म्हणता येतं. त्या संध्याकाळी मी ते म्हटलं नाही. सर बोलत होते. आणि मला वाटलं, हे तर माझ्यापेक्षा चांगलं समजावतील.

सरांनी तक्ता स्वच्छ उतरवून काढला. पट्टीने ओळी आखल्या. एकादशीपासून पहिला आठवडा रोज तीन, दुसरा आठवडा दोन, मग दीड, मग एक, असं करत अकरा आठवडे. शेजारी बरोबरच्या खुणेसाठी चौकट. तक्ता फ्रिजवर लावला.

एकादशीच्या आदल्या दिवशी दुपारी काकू दुकानात आल्या. हातात एक स्ट्रिप होती. गर्दी नव्हती, पण मी एका कंपनीच्या माणसाशी फोनवर हुज्जत घालत होते. काकूंनी स्ट्रिप पुढे केली.

'योगिनी, या गोळ्यांची मुदत कधीपर्यंत आहे गं? माझ्या चष्म्याला हे बारीक अक्षर लागत नाही. कार्तिकापर्यंत टिकतील ना?'

मी फोन कानाला तसाच ठेवून स्ट्रिप उलटी केली. 'कार्तिक काय घेऊन बसलात, काकू, अजून दोन वर्षं चालतील.'

'मग झालं,' त्या म्हणाल्या. चेहरा असा उजळला की काय सांगू. निघताना म्हणाल्या, 'या वर्षी देव मला फार सोपा नेम देतोय बघ. दर वर्षी आवडतं सोडायचं, या वर्षी नावडतं.' मी हात हलवला आणि पुन्हा फोनवर भांडायला लागले. कुणीही शहाण्या माणसाने विचारलं असतं की काकू, अकरा आठवड्यांत संपणाऱ्या गोळ्या कार्तिकापर्यंत टिकवायच्या कशाला आहेत? मी विचारलं नाही. मला विचारलेल्याचं उत्तर येत होतं, तेवढं मी दिलं.

पुढचे दहा दिवस त्या घरात रोज सकाळी काय होत होतं, ते मला आता डोळ्यांसमोर दिसतं. साडेसहा. सर टेबलाशी, चष्मा कपाळावर, गटावर शब्द टाकण्याच्या गडबडीत. स्ट्रिपमधून गोळ्या काढून वाटीत घालायच्या, पाण्याचा पेला शेजारी ठेवायचा, हाक मारायची. काकू वाटी घेऊन देवघरात जायच्या. 'घेतल्या हो,' असा आतून आवाज यायचा. सर मान वर न करता फ्रिजकडे हात करायचे आणि चौकटीत बरोबरची खूण करायचे. निळ्या पेनने.

आठव्या दिवशी काकू मला भाजीवाल्या अंबूबाईच्या टोपलीशी भेटल्या. पायरीवर टेकल्या होत्या. 'दम नाही गं राहिला,' म्हणाल्या, 'उपास बाधले वाटतं.' आणि लगेच गालावर हात फिरवून, 'पण बघ, सूज उतरायला लागली की नाही?' उतरली होती थोडी. मी म्हटलं, 'सरांचा शब्द लागू पडला.' त्यावर आम्ही दोघी हसलो. लाज वाटावी असं हे माझं दुसरं हसणं.

दहाव्या दिवशी पहाटेपासून उलट्या आणि जुलाब. सरांनी लिंबाचं सरबत दिलं, त्यात मीठसाखर घातली. साडेसहाला गोळ्याही दिल्या, दोन, तक्त्याप्रमाणे. नऊच्या सुमाराला काकू न्हाणीघरापाशी कोसळल्या. सरांनी मला फोन केला तेव्हा आवाजात नुसता प्रश्न होता. 'योगिनी, ही उठत नाहीये. असं का होतं?'

आम्ही रिक्षाने दवाखाना गाठला. रक्तदाब लागतच नव्हता म्हटलं तरी चालेल. हात गार. ड्यूटीवरचा डॉक्टर तरुण होता पण हुशार होता, हे मला म्हणायलाच हवं, कारण त्याने बरोबर तोच प्रश्न पहिल्यांदा विचारला. 'स्टेरॉइड चालू आहे म्हणता. मध्येच बंद वगैरे केलंत का?'

सरांनी खिशातून घडी केलेला तक्ता काढला. निघायच्या घाईत पायात चपला घालायचं विसरले होते, पण फ्रिजवरचा तक्ता विसरले नव्हते. 'नाही, डॉक्टर. पद्धतशीर टेपर चालू आहे. आजची मात्रा साडेसहाला दिली आहे. हे पाहा.' पट्टीने आखलेल्या ओळी, रोजची खूण, एकही चौकट रिकामी नाही. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, 'मी यांची केमिस्ट आहे. सर फार काटेकोर आहेत.'

मग ते जंतुसंसर्गाच्या मागे लागले. सलाईन, अँटिबायोटिक, तपासण्या. उलटीत गोळी पडली असेल, या हिशेबाने स्टेरॉइडचं एक इंजेक्शन दिलं, पण थोडं, नेहमीच्या मात्रेपुरतं. काकूंनी एकदा डोळे उघडले. सरांकडे पाहून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. सरांनी कान जवळ नेला. नंतर मला म्हणाले, 'ती म्हणाली, देवघरातलं असू दे.' सरांना वाटलं, दिवा लावायचा राहिलाय त्याबद्दल बोलत असेल.

दुपारी तीनला मोठे डॉक्टर आले. त्यांनी पाहिलं आणि तक्त्याकडे दुर्लक्ष करून मोठ्या मात्रेत इंजेक्शन द्यायला लावलं. तेव्हा उशीर झाला होता. पावणेपाचला काकू गेल्या. मोठे डॉक्टर सरांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, 'हे चित्र गोळ्या अचानक बंद झाल्यावर दिसतं.' सर म्हणाले, 'तसं शक्य नाही. तक्ता बरोबर आहे.' तीन वेळा म्हणाले. मला त्यांची तेव्हा कीव आली नाही, रागही आला नाही. मलाही वाटत होतं की तक्ता बरोबर आहे.

बाराव्या दिवशी सई देवघर आवरत होती. गंगाजलाच्या तांब्यामागे स्टीलची एक डबी होती, हळदीकुंकवाच्या डबीएवढी. तिला वाटलं आईचे दागिने असतील. उघडून पाहिलं आणि मला फोन करून बोलावून घेतलं. आत कागदाच्या दहा पुड्या होत्या, पूजेच्या सामानाला बांधतात तशा. पहिल्या सात पुड्यांत तीन-तीन गोळ्या. पुढच्या तीन पुड्यांत दोन-दोन. एकूण सत्तावीस. सरांच्या तक्त्यात एका गोळीची चूक नव्हती. मात्रा ठरल्याप्रमाणे कमी होत गेली होती. ती फक्त डबीत गेली होती.

सई भिंतीला टेकून खाली बसली. 'आईने असं का केलं, योगिनीताई? का?' मला सगळं एकदम कळलं. कार्तिक कळला, दान कळलं, सोपा नेम कळला. काकू गोळ्या टाकून देऊ शकल्या असत्या, तुळशीत पुरू शकल्या असत्या. पण नेमात सोडलेली वस्तू टाकून द्यायची नसते, ती कुणाच्या तरी उपयोगी पडली पाहिजे. म्हणून त्यांनी जपून ठेवल्या. मी सईला नेमाबद्दल सांगितलं. मुदतीबद्दल सांगितलं नाही. 

सर दारात उभे होते. त्यांनी डबी हातात घेतली, पुड्या मोजल्या, झाकण लावलं आणि आपल्या टेबलाच्या खणात नेऊन ठेवली. 

चौदाव्या दिवशी सकाळी साडेसहाला गटावर शब्द आला. टेपर. अर्थ तोच, उगम तोच, लव्हाळं, वात, मेणबत्ती. 'उपयोग' या मथळ्याखाली काही नव्हतं. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा टेपर. तिसऱ्या दिवशीही तेच. रोज तेच, उपयोगाची जागा रिकामी. पहिल्या आठवड्यात लोक हळहळले. मग कुणीतरी लिहिलं, 'सर, कालचाच शब्द आलाय.' मग माणसं बाहेर पडायला लागली. परीक्षेची मुलं आधी गेली, त्यांची चूक नाही. गणपतीत दीडशे उरले होते, नवरात्रात चाळीस. दिवाळीच्या आधी मी पाहिलं तर आम्ही नऊ जण होतो. मी मात्र रोज साडेसहाला उठून तो निरोप उघडत होते.  सरांना एकदाही 'हे थांबवा' म्हटलं नाही, कारण थांबवून त्यांनी काय करायचं होतं ते मला माहीत नव्हतं.

दिवाळीचा फराळ घेऊन गेले तेव्हा घरात काकूंची कापसाची पिशवी खुर्चीवर तशीच होती. सर एकदम म्हणाले, 'डॉक्टर मला म्हणाले होते, एकदम बंद करायच्या नाहीत, शरीर कोसळतं. मी ऐकलं होतं. पण त्यांनी कागदावर शब्द लिहिला आणि मी शब्दाकडे बघत बसलो.' थोड्या वेळाने म्हणाले, 'तिने मला अर्थ विचारला होता, योगिनी. मी उगम सांगितला.'

 'तुमची चूक नाही' असं त्यांना कुणी म्हणावं अशी त्यांची इच्छा नव्हती, आणि तसं म्हणणारी मी कोण? फराळाचा डबा ओट्यावर ठेवून घरी आले.

कार्तिकी एकादशी झाली. द्वादशीला सकाळी अकराला सर दुकानात आले. धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं. इतक्या वर्षांत सरांना मी धोतरात पाहिलं नव्हतं. माणूस निम्मा झाला होता. त्यांनी उपरण्याखालून स्टीलची डबी काढून काउंटरवर ठेवली. सरळ माझ्याकडे पाहिलं. रोल नंबर विचारला नाही.

'हिचं उद्यापन राहिलंय,' ते म्हणाले. 'आज करायचं असतं. कुणा गरजूला या गोळ्या दे.'

'सर, स्ट्रिपबाहेर काढलेल्या गोळ्या कुणाला देता येत नाहीत.' माझा आवाज दुकानदाराचा झाला होता, मला तो ऐकू येत होता. 'हवा लागलेली असते. नियम आहे. कुणालाही त्या चालणार नाहीत.'

'का नाही चालणार?' सर म्हणाले. 'मुदत आहे ना?'

त्यांनी झाकण काढलं. पुड्यांच्या खाली घडी घातलेली एक चिठ्ठी होती. त्या दिवशी सईने ती पाहिली नव्हती, मीही नाही. सरांनी ती उघडून माझ्यासमोर ठेवली. काकूंचं गोल, ठळक अक्षर होतं, स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर असायचं तसं.

'चातुर्मास नेम: गोळ्या. कार्तिक द्वादशीस गरजू रुग्णास देणे. वाया जाणार नाहीत. मुदत दोन वर्षे. योगिनीस विचारून घेतले आहे.'

म्हणजे बाराव्या दिवसापासून सरांना माहीत होतं. चिठ्ठी त्यांच्या खणात होती. मी फराळ घेऊन गेले तेव्हाही होती. मला त्यांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं, आणि आताही विचारत नव्हते. त्यांना फक्त बायकोचा नेम पुरा करायचा होता.

'मुदत आहे ना?' त्यांनी पुन्हा विचारलं.

'आहे, सर,' मी म्हटलं.

ते मान डोलावून निघून गेले. पायरी उतरताना दाराला धरून थोडा वेळ थांबले, मग रस्ता ओलांडला.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला गटावर शब्द आला नाही. त्यानंतर आजपर्यंत आलेला नाही. सर घरात असतात, सईने स्वयंपाकाला एक बाई लावून दिली आहे, ती सांगते की अर्धी पोळी खातात, कधी तीही नाही. डबी माझ्या काउंटरखालच्या खणात आहे. रोज दुकान उघडल्यावर पेन काढताना ती हाताला लागते. कुणाला देऊ शकत नाही, आणि टाकून देण्याची माझी हिंमत नाही. मुदत संपायला अजून दीड वर्ष आहे.